बाईंच्या दुलईची खोळ

लेकीनं पाठवलेलं खोकं आलं तेव्हा टर्नर काका दारातच उभे होते. खोकं एवढं मोठं, की आणणाऱ्या माणसाची फक्त टोपी दिसत होती. काकांनी पाय रोवले, श्वास घेतला आणि सगळा जोर लावून खोकं उचललं. ते इतकं हलकं निघालं, की तोल जाऊन काका मागच्या भिंतीवर आपटले.

"रिकामं आहे की काय हो?"

"पिसं आहेत म्हणे," तो माणूस म्हणाला, "इथं सही करा."

आत दुलई होती. बदकाच्या पोटाखालची मऊ लव भरलेली, पांढरी, चौकोनाचौकोनांत शिवलेली. बांधलेली फीत सोडली तशी ती हळूहळू फुगायला लागली आणि बघता बघता तिनं अर्धा पलंग व्यापला. सोबत लेकीची चिठ्ठी होती. 'बाबा, ही आईसाठी. हिचं अंगावर वजन म्हणून नाही. वरून खोळ मात्र लागेल, ती तिकडेच करून घ्या. कापड नीट निवडा. त्यावरच सगळं आहे.'

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. कापड नीट निवडा म्हणे! मुलीनं बापाला वेणी घालायला सांगावी तसं हे काम त्यांना वाटलं. अडतीस वर्षं त्यांनी कारखान्यात लेथ चालवला होता, म्हणून तर गल्ली त्यांना टर्नर काका म्हणायची. लोखंडाच्या दांड्यावरून अंगठा फिरवला की तो मापापेक्षा केसभर जाड आहे का बारीक, हे ते डोळे मिटून सांगत. पण कापडाच्या दुकानात ते जन्मात दोनदाच गेले होते. एकदा लग्नाच्या खरेदीला आणि एकदा पाऊस आला म्हणून आडोशाला. घरातलं यच्चयावत कापड, त्यांच्या सदऱ्यापासून पायपुसण्यापर्यंत, बाईंनी आणलेलं.

बाई म्हणजे त्यांची बायको. तिनं एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. आख्खी गल्ली तिला बाई म्हणायची, आणि ऐकून ऐकून काकासुद्धा तिला बाईच म्हणायला लागले होते. "बाई, चष्मा बघितलास का माझा?" असं ते विचारत. त्यावर ती म्हणे, "हाक शाळेतली आणि क्रियापद घरातलं. एक काय ते ठरवा."

चार महिन्यांपूर्वी बाईंना नागीण झाली. डाव्या बाजूला, पाठीपासून बरगडीच्या खालून पुढपर्यंत फोडांचा पट्टा उठला. फोड पंधरा दिवसांत सुकले, खपल्या गळल्या, पण जळजळ मागे राहिली. डॉक्टर म्हणाले, शिरा दुखावल्यात, वेळ लागेल. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही. कातडी वरून अगदी चांगली दिसायची, आणि पंख्याचा वारा लागला तरी बाई दातावर दात दाबायच्या. त्यात थंडीचे दिवस आले. पांघरूण घ्यावं तर अंगाची आग, न घ्यावं तर हुडहुडी. घोंगडीचं वजन सोसेना, शालीची लोकर टोचे. बाई खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या काढायला लागल्या. झोपेत आपला हात चुकून लागायला नको म्हणून काकांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं होतं.

म्हणून ही दुलई.

पहिल्या दिवशी काकांनी ती तशीच, बिनखोळीची पांघरायला दिली. बाईंनी कूस बदलली की तिचं आतलं घट्ट कापड कागदासारखं खसखसायचं. पाच मिनिटांनी बाईच म्हणाल्या, "अहो, कुणीतरी उशाशी बसून वर्तमानपत्र वाचतंय असं वाटतंय." शिवाय एका शिवणीतून पिसाचं एक टोक वर आलं होतं, ते नेमकं दुखऱ्या जागी लागलं.

मग काकांनी कपाटातून एक फुलाफुलांची चादर काढली, तिची दुहेरी घडी घातली, कडेनं धावदोरा घातला आणि दुलई आत सरकवली. आपल्या कामावर ते खूश होते. चादर बाईंच्या कुशीला लागली मात्र, त्या एकदम ताडकन उठून बसल्या. ओरडल्या नाहीत, पण डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय झालं?"

"काही नाही. तुमच्या फुलांना काटे आहेत," बाई म्हणाल्या आणि हसायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी काका कापडाच्या दुकानात गेले.

दुकान चौकाच्या कोपऱ्यावर, अरुंद पण खोल. दोन्ही भिंतींना छतापर्यंत ठाणं रचलेली, मधे लांब लाकडी फळी, मागे एक शिलाईमशीन. दुकानदारीण पन्नाशीची, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या न काढताच बोलायची तिला सवय होती.

"बोला काका."

"खोळ करायचीय. दुलईची. पिसांची आहे."

"माप?"

हे काकांचं क्षेत्र होतं. त्यांनी खिशातून कागद काढला. लांबी, रुंदी, चारही कडा वेगवेगळ्या मोजलेल्या, सगळं मिलिमीटरमध्ये. दुकानदारीण कागद बघून हसली. टाचण्या काढून तिनं फळीवर ठेवल्या.

"माप झकास आहे. आता पांघरणारं माणूस सांगा."

"म्हणजे?"

"झोपतात कशा? कुशीवर का उताण्या? पांघरूण गळ्याशी घेतात का छातीशी? घाम येतो? पाय बाहेर काढतात? अहो, लव ऊब देते, पण अंगाला लागते ती खोळ. माणूस झोपतं ते खोळीत."

बेचाळीस वर्षांचा संसार. बाईंना चहात साखर किती लागते, कुठली पायरी चढताना गुडघा धरतात, रागावल्या की आधी कुठलं भांडं वाजतं, सगळं त्यांना ठाऊक होतं. पण त्या झोपतात कशा, हे त्यांना सांगता येईना. अंथरुणाला पाठ टेकली की काका घोरायला लागत ते थेट सकाळी उठत.

"तिला नागीण झाली होती," एवढंच ते म्हणाले. "कातडीला काही लागलेलं खपत नाही."

दुकानदारिणीचा चेहरा बदलला. तिनं मागं वळून तीन-चार ठाणं काढली आणि फळीवर उलगडली. "हात लावून बघा."

काकांनी हात लावला. एकावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. अंगठ्याच्या टोकाला, तर्जनीच्या कडेला, तळहातावर लोखंडाच्या चुऱ्यानं आणि तेलानं वर्षानुवर्षं घट्टे पडले होते. कापड त्यांना नुसतं अडकताना कळे. मऊ की खरखरीत हे काही कळेना. एक रेशीम तर बोटाच्या भेगेत धागा अडकून ओढलंच गेलं. त्यांनी घाबरून हात मागे घेतला.

"मला सगळं सारखंच लागतंय हो," ते म्हणाले. आवाज जरा पडलाच होता.

"हाताचं काम नाही हे. गालाला लावा."

दुकानात आणखी दोन बायका उभ्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग कापडाकडे. "दाढी केली नाही आज."

"मग हे बघा, इथं." तिनं आपल्या कोपराच्या आतली बाजू दाखवली. "इथली कातडी लहान मुलासारखी असते, कितीही म्हातारं झालं तरी. तिथं लावा आणि डोळे मिटा."

काकांनी बाही वर केली, कापड कोपराच्या आत धरलं आणि डोळे मिटले. पहिलं कापड गार आणि गुळगुळीत होतं. दुसरं जरा केसाळ. तिसरं सुकलेल्या पानासारखं होतं. त्यांना खरंच वेगवेगळं कळलं. जन्मांधाला अचानक रंग दिसावेत तसे ते डोळे उघडून दुकानदारिणीकडे बघायला लागले.

"आज काही घेऊ नका," ती म्हणाली. "घरी जा, त्या कशा झोपतात ते बघा, आणि मग या."

त्या दुपारी बाई पलंगावर आडव्या झाल्या तेव्हा काका समोर पेपर धरून बसले. पेपर उलटा नव्हता एवढंच, वाचत काही नव्हते. बाईंनी दुलई घेतली नाही. जुना सुती पंचा फक्त पायांवर ओढला. उजव्या कुशीवर वळल्या. डावा कोपर अंगापासून दूर, हवेत, कुणाला तरी थोपवून धरल्यासारखा. झोप लागायला लागली की कोपर खाली येई, दंड कुशीला लागे, आणि त्या दचकून पुन्हा तो वर उचलत. असं किती वेळा झालं ते काका मोजत होते. अकरानंतर त्यांना मोजवलंच नाही. उजव्या हाताची मूठ मात्र हनुवटीखाली होती, आणि त्या मुठीत पंचाचं एक टोक, घट्ट. गळ्याशी काहीतरी धरल्याशिवाय तिला झोप येत नाही, हे काकांना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले तेव्हा दुकानदारीण नव्हती. तिच्या गल्ल्यावर तिचा भाऊ बसला होता. काकांना धीर धरवेना. "सगळ्यांत भारी कुठलं?" त्यांनी विचारलं. भावानं रेशमी सॅटिनचं ठाण काढलं. काकांनी ते कोपराला लावलं. पाण्यासारखं वाटलं. किंमत पाण्यासारखी नव्हती, पण काकांनी घासाघीस केली नाही. भावानं संध्याकाळपर्यंत खोळ शिवूनही दिली.

"छान आहे," बाई म्हणाल्या.

"खरंच?"

"अगदी छान. किती मऊ!"

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं, की तुझ्या आईला खोळ पसंत पडली, आणि कापड मी एकट्यानं निवडलं. "बाबा, तुम्ही?" लेक म्हणाली. "मग काय तर! कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं असतं, तुला काय माहीत."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी काका औषधं आणायला निघाले आणि डॉक्टरांची चिठ्ठी घरीच राहिली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी हळूच ढकललं. दुलई खुर्चीवर नीट घडी घालून ठेवलेली, आणि बाई पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन, काकांचा जुना सदरा पायांवर टाकून बसलेल्या. त्यांचे ओठ थंडीनं निळसर पडले होते. काकांना बघून त्यांनी घाईघाईनं दुलईकडे हात केला, चोरी पकडल्यासारखा.

"आत्ताच काढली होती," त्या म्हणाल्या.

काका पलंगाच्या कडेला, जरा दूरच, बसले.

"ही पण टोचते?"

"टोचत नाही. सरकते. कुशीवरून सारखी सरकते, आणि सरकताना..." बाईंनी वाक्य सोडून दिलं. "आधी बर्फासारखी गार लागते, मग घाम येतो. पण तुम्ही इतक्या हौसेनं आणलीत."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं?" बाईंचा आवाज एकदम चढला. "चार महिने तेच सांगतेय. हे दुखतं, ते दुखतं. सकाळी तुम्ही विचारता कसं वाटतंय, मी म्हणते दुखतंय. डॉक्टर विचारतात, दुखतंय. मुलगी विचारते, दुखतंय. मला माझ्याच तोंडाचा कंटाळा आलाय. एक दिवस तरी छान म्हणून बघावं म्हटलं." आणि त्या रडायला लागल्या. उन्हाळ्यात नळाला पाणी यावं तसं आधी थेंब थेंब आणि मग एकदम.

काकांना त्यांना जवळ घ्यायचं होतं. पण धरणार कुठं? डाव्या बाजूनं शक्य नव्हतं, पाठीवर हात ठेवायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी बाईंचं उजवं पाऊल आपल्या दोन्ही हातांत धरलं. ते गारठलेलं होतं. त्या रडत राहिल्या आणि काका पाऊल चोळत राहिले. घट्ट्यांचे हात, पण पायाच्या तळव्याला ते चालत होते.

बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "बाई, तू कधी चुकलेल्या गणिताला बरोबरची खूण दिलीस का ग?"

बाईंनी पदरानं नाक पुसलं. "कधीच नाही."

"पोरगं हिरमुसेल म्हणून?"

"नाही. हिरमुसलं तर हिरमुसलं. चूक कळली नाही तर शिकणार कसं?"

"मग मला का दिलीस?"

"तुम्ही फार मोठे विद्यार्थी आहात," बाई म्हणाल्या. "डोळे पाणावले तुमचे की मला बघवत नाही."

"नाही पाणावणार. मला नापास कर. कितीदाही कर. पण मार्क खरे दे."

काकांनी दुकानात जाऊन दुकानदारिणीला सगळं सांगितलं. आधी ती भावावर करवादली, मग काकांवर. "भारी म्हणजे चांगलं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? सॅटिन निरोग्यांच्या हौसेचं." मग तिनं कात्री घेतली आणि सात ठाणांमधून सात तुकडे कापले, प्रत्येकी उशीच्या अभ्र्याएवढा. पैसे विचारले तर म्हणाली, "खोळ झाली की बघू. आणि ऐका, एकेक तुकडा एकेक दिवस. सगळे एकदम लावाल तर त्यांना काही कळणार नाही, नुसती आग होईल."

दुपारच्या झोपेची वेळ परीक्षेची ठरली. काका दुलईच्या वरच्या टोकाला त्या दिवसाचा तुकडा टाचत, बाईंच्या कुशीशी येईल असा. बाईंनी कपाटातून एक जुनी वही आणि लाल पेन्सिल काढली होती. निवृत्त झाल्यापासून त्या पेन्सिलीला टोक केलेलं नव्हतं. काकांनी ते करून दिलं, तेही असं की सुई लाजावी.

फ्लॅनेलला दहापैकी तीन मिळाले. शेरा: 'मायाळू, पण अंगचटीला येतं.' लिननला चार. 'मोठेपणी चांगलं निघेल. तोवर वाट बघायला मी नाही.' पॉपलीनला साडेचार. काकांनी अर्ध्या मार्कासाठी वाद घातला, "अगं, पाच दे, पास तरी होईल." बाई म्हणाल्या, "रदबदली चालणार नाही." दाट विणीचं एक सुती कापड होतं, ते दुकानदारिणीच्या मते सगळ्यांना आवडतं. बाईंनी त्याला सहा दिले आणि लिहिलं, 'सगळ्यांना आवडतं म्हणून.' एका दिवशी वेदना इतकी होती, की तुकडा टाचायच्या आधीच बाईंनी हात वर केला. त्या दिवशीच्या पानावर काकांनी स्वतःच लिहिलं, 'आज शाळेला सुट्टी.'

पण एक गोष्ट बदलली होती. बाई आता दुखतंय असं नुसतं म्हणत नव्हत्या. ओरबाडतंय, चिकटतंय, चुरचुरतंय, मुंग्या येतायत, तापलेल्या तव्यासारखं, गार चिमट्यासारखं, असं त्या शोधून शोधून सांगत होत्या. काका ऐकत, मान डोलावत आणि दुकानात जाऊन शब्दाला शब्द सांगत. दुकानदारीण त्यावर विचार करी. "चुरचुरतंय म्हणजे धागा जाड. चिकटतंय म्हणजे वीण दाट, वारा जात नाही." आपण सांगितलेल्याचा कुणीतरी उपयोग करतंय, हे बाईंना फार दिवसांनी जाणवत होतं. त्यांच्या आवाजाला पुन्हा धार आली.

सहावा तुकडा मलमलीचा होता. इतका पातळ की त्यातून काकांना स्वतःची बोटं दिसत. हे कसलं कापड, हे तर फुंकरीनं फाटेल, असं त्यांना वाटलं. बाईंनी तो तुकडा लावून घेतला आणि डोळे मिटले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

"काय?" काकांना राहवेना.

"थांबा हो. पेपर तपासतेय." मग डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "सात. मुलगा हुशार आहे. पण नवा सदरा घालून आलाय, कडक. अंगातली खळ गेली पाहिजे."

"खळच आहे ती," दुकानात काकांचं ऐकून दुकानदारीण टाळी वाजवून म्हणाली. "त्यांनी बरोबर पकडलं! नव्या कापडाला खळ असतेच. धुतलं की जाते, आणि मलमल जितकी धुवाल तितकी मऊ होते. दुहेरी घ्या. एकेरी फार पातळ पडेल. दोन पदर घेतले तर मधे हवाही राहील."

"पण पिसं बाहेर नाही येणार त्यातून?"

"पिसं अडवायला आतलं घट्ट कापड आहे ना. त्याचं काम अडवायचं, हिचं काम अंगाला लागायचं. एकाच माणसाकडून दोन्ही कामं करून घ्यायची नसतात. मात्र ते वर आलेलं टोक बाहेरून उपटू नका, भोक मोठं होईल. आतून धरून मागे ओढा आणि शिवणीवर दोन टाके घाला." काकांनी ते लिहून घेतलं. "आणि आधी धुवा, मगच मी बेतेन. मलमल आटते. आधी शिवली तर दुलईचा गळा आवळेल."

काकांनी बारा मीटर मलमल घरी नेली. साधं पाणी, थोडा साबण, भरपूर खळबळायची, न पिळता निथळत ठेवायची, सावलीत वाळवायची. एकदा धुतली. कोपराच्या आत लावून बघितली. जरा फरक होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली. अंगणातल्या दोरीवर रोज सकाळी तेच पांढरं लांबच लांब कापड लटकायला लागलं. शेजारच्या वहिनींनी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी कुंपणापाशी येऊन विचारलं, "काका, डाग जात नाहीये का?"

"डाग नाहीच आहे, वहिनी."

"मग काय धुताय?"

"नवेपणा," काका म्हणाले.

वहिनींनी हे गल्लीभर केलं. टर्नर काका निवृत्तीनंतर धोबी झाले, आणि तेही एकाच गिऱ्हाइकाचे, असा विनोद फिरला. काकांनी मनावर घेतलं नाही. गार पाण्यानं बोटं वाकडी व्हायची, कंबर धरायची, पण रोज वाळलेलं कापड घडी करताना ते थोडं थोडं बदललेलं लागायचं. आधी ते घडीवर उभं राहायचं, मग बसायला लागलं, मग लोळायला. तेरा-चौदा वेळा झाल्यावर एकदा बाई स्वतः अंगणात आल्या. किती दिवसांनी त्या उंबऱ्याबाहेर आल्या होत्या. त्यांनी दोरीवरच्या कापडाचं टोक गळ्याशी धरलं.

"आता पुरे," त्या म्हणाल्या. "आणखी धुतलंत तर नुसतं पाणीच उरेल."

बेतायच्या दिवशी दुकानदारिणीनं माप घेतलं तर लांबीत सव्वा वीत कापड आटलं होतं. "बघा, म्हटलं नव्हतं?" मग खोळ कशी असावी यावर तिच्यात आणि काकांच्यात चांगला तासभर वाद झाला. शिवण कुशीशी यायला नको, यावर दोघांचं एकमत होतं. पण बटणं लावावीत की नाड्या, यावर नव्हतं. काका म्हणाले, बटण म्हणजे बटणच, ते टोचणार. ती म्हणाली, बटणं पायथ्याशी लावते, पाय धट्टे असतात. खोळ घट्ट असावी, असं काकांचं मत. "फिटिंग चपखल हवं. सैल पडलं की आतली वस्तू खडखडते."

"हा तुमचा लोखंडाचा दांडा नाही, काका. लव आहे. घट्ट बसवलीत तर दबेल आणि ऊब जाईल. तिला फुगायला जागा लागते. सैल ठेवते, आणि आतून चारही कोपऱ्यांना नाडी देते, म्हणजे आत गोळा होणार नाही."

काकांनी विचार केला. अडतीस वर्षं त्यांनी घट्ट बसवण्याचंच काम केलं होतं. "ठेवा सैल," ते म्हणाले. "पण नाड्यांच्या गाठी मी बांधणार."

खोळ दोन दिवसांनी आली. काकांनी दुलई आत घातली, चारही कोपरे नाड्यांनी बांधले, दोन्ही हातांनी धरून हळूच झटकली. लव आत पसरली. मलमलीतून चौकोनांच्या शिवणी पुसट दिसत होत्या. बाई उजव्या कुशीवर झोपल्या. काकांनी दुलई आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग कमरेवर अशी आणली, आणि कुशीपाशी थांबले.

"सोडा," बाई म्हणाल्या.

त्यांनी सोडली. बाईंच्या अंगावर शहारा आला, खांदे ताठ झाले. काका श्वास धरून उभे होते. मग खांदे हळूहळू उतरले. बाईंनी वरचं टोक मुठीत धरून हनुवटीखाली ओढलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "दुखणं आहे. खोटं नाही बोलणार. पण हिच्यामुळे नाही. ही आपली त्याच्या वर बसून राहिलीय, गप्प."

"मार्क?"

"साडेआठ."

"दीड मार्क कुठं कापलास?"

"माप चुकलंय. पायाशी लांब झालीय."

"सैल ठेवली आहे मुद्दाम. लवेला जागा..."

"असू दे, असू दे. पायाशी दुमडून घेते."

काका खुर्ची ओढून बसले. बाईंचा डावा कोपर अजून अंगापासून वेगळाच होता, हवेत. तो एकदा खाली आला, वर गेला. पुन्हा खाली आला, दुलईवर टेकला, आणि दुलईनं त्याला वरच्यावर झेललं. तो तिथंच राहिला. थोड्या वेळानं बाईंचा श्वास लांब झाला, आणि मुठीतली मलमल जरा सैल पडली. बाहेर वहिनी कुणालातरी हाका मारत होत्या. काका उठून खिडकी लावायला गेले, अर्ध्यात थांबले, कारण तिची बिजागरी करकरते. उघडीच ठेवून, ते अलगद पाय उचलत परत आले आणि दोन तास पेपर न उलटता तिथंच बसून राहिले.